खेकडा, राणी आणि दोन सेंटिमीटरचा माणूस

बालमित्रांनो, तुम्ही कधी शेंद्र्याला आला आहात का? छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने निघालं की चिकलठाणा मागे पडतं आणि थोड्याच वेळात कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसू लागतात. ते आमचं शेंद्रा. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला इथे माणसांचा पूर लोटतो आणि एरवी पाळी सुटली की मोटारसायकलींचा! २००१ साली इथे स्कोडाचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढे ‘ऑरिक’ नावाची आखीव औद्योगिक नगरीही आली. पण आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचाराल, तर ते अजूनही शेंद्र्याची ओळख ज्वारी-बाजरीच्या शेतांवरूनच करून देतात.

आमच्या भागातून एक रेल्वेलाईनही जाते. करमाड हे जवळचं स्टेशन. निजामाच्या राजवटीत, १९०० सालाच्या सुमारास, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत सिकंदराबादकडे जाणारी ही लाईन सुरू झाली. तेव्हा ती मीटरगेज होती. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. त्यावरून धूर सोडत, शिट्या मारत कोळशाची इंजिनं धावायची. १९९० नंतरच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. मग डिझेलची इंजिनं धावली. आणि परवापरवा विजेच्या तारा आल्या. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि आमच्या करमाडवरून विजेवरची गाडी सुसाट जाऊ लागली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. सातवीत आहे. वंदे भारत पाहिल्यापासून त्याला विजेच्या गाड्यांचं वेड लागलं. आणि एकदा एखादं वेड लागलं की आमच्याकडे घरातले पुठ्ठे, जुनी रिफिलं आणि बाटल्यांची झाकणं दिसेनाशी होतात!

अण्णांचा एक प्रश्न

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पुतण्याने ठरवलं, की आपण १९३० सालची ‘दख्खनची राणी’, म्हणजे डेक्कन क्वीन करायची. पहिली विजेची राणी! तीन आठवडे खपून त्याने इंजिन आणि चार डबे बनवले. पुठ्ठ्याचे डबे, झाकणांची चाकं, सायकलच्या तारेचा पँटोग्राफ. पँटोग्राफ म्हणजे इंजिनाच्या टपावरची ती घडी घालता येणारी चौकट, जी वरच्या तारेला टेकून वीज घेते. कुठेतरी त्याने वाचलं होतं की राणीचे डबे चंदेरी आणि निळे होते. म्हणून याने एक डबा चंदेरी, पुढचा निळा, परत चंदेरी, परत निळा असे रंगवले. फलाटावर मातीची माणसंही उभी केली.

शेजारीपाजारी येऊन कौतुक करून गेले. अण्णा मात्र चष्मा पुसून बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, “गाडी झकास झाली रे. पण हा माणूस गाडीत शिरणार कसा? दारापेक्षा हाच उंच दिसायलाय!”

सगळे हसले. पुतण्या नाही हसला. त्याने मातीचा माणूस उचलून दारापाशी धरला. खरंच की! माणसाचं डोकं डब्याच्या टपाला लागत होतं.

“आजोबा, हे नुसतं मॉडेल आहे,” तो फुरंगटून म्हणाला.

“मग मॉडेलमधल्या माणसाला गाडी नको का पकडायला?” अण्णा म्हणाले.

रात्री तो माझ्याकडे आला. “काका, मॉडेल बरोबर आहे की चूक, हे ठरवायचं कसं?”

मी म्हटलं, “शनिवारी पुण्याला जाऊ. आत्याकडे राहू. तुला एक जागा दाखवतो.”

कोथरूडमधलं छोटं शहर

पहाटेची एसटी पकडली. वाळूज गेलं, कायगावला गोदावरीचा पूल ओलांडला, नेवासा फाट्याला चहा झाला. अहिल्यानगर, सुपा, शिरूर, वाघोली करत आम्ही पुण्यात पोचलो. पोचल्या पोचल्या कोथरूड गाठलं. तिथे कर्वे रस्त्यापासून जवळच जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे.

भाऊ जोशी हे पुण्याचे गृहस्थ. छोट्या आगगाड्यांचा त्यांना भारी नाद. संग्रहालय होण्याआधी त्यांनी आपल्या गाड्यांची प्रदर्शनंही भरवली होती. पण प्रदर्शन संपलं की सगळं उचकटायचं, खोक्यांत भरायचं! मग त्यांनी एक कायमचं छोटं शहरच वसवलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तारीख एक एप्रिलची असली तरी ही थाप नव्हे, बरं का!

आत शिरलो आणि पुतण्याचं तोंड उघडंच राहिलं. टेबलाएवढ्या उंचीवर अख्खं शहर. रूळ, सिग्नल, पूल, दिव्यांचे खांब, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव. दिवे मंद झाले, रात्र झाली, खिडक्याखिडक्यांतून उजेड दिसू लागला आणि गाड्या धावू लागल्या. धूर सोडणारी वाफेची गाडी, वेगाने जाणारी विजेची गाडी, आणि खाली रूळ नसलेली, वरच्या रुळाला लटकून जाणारी गाडीसुद्धा!

बाकीची मुलं गाडीबरोबर मान फिरवत होती. आमचा पुतण्या मात्र गुडघे वाकवून, डोळे रुळांच्या पातळीला आणून पाहत होता. एक गाडी फलाटाजवळून गेली तेव्हा त्याने माझी बाही ओढली.

“काका, माणूस दारातून आत जाऊ शकतो!”

“म्हणजे?”

“तो बघा ना, फलाटावरचा. दारापेक्षा बुटका आहे. आणि दिव्याचा खांब माणसापेक्षा उंच आहे. आणि मोटार डब्यापेक्षा लहान आहे. सगळं एकाच मापाने लहान केलंय!”

मित्रांनो, त्याला जे सापडलं होतं, त्याला म्हणतात प्रमाण. मॉडेल लहान असलं तरी चालतं, मोठं असलं तरी चालतं. पण डबा एका मापाने लहान केला आणि माणूस दुसऱ्या, तर गडबड होते. जगभरातले हौशी लोक सगळ्यांत जास्त वापरतात ते माप आहे ‘एच.ओ.’. त्यात खरी वस्तू ८७ पट लहान करतात. खऱ्या वस्तूच्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर, असा हा हिशेब.

बाहेर येऊन आम्ही एका टपरीवर बसलो आणि पुतण्याने वही काढली. १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस भागिले ८७. उत्तर आलं बरोबर २ सेंटिमीटर! “म्हणजे काका, तुम्ही एवढेसे,” बोटांच्या चिमटीत मला धरून तो म्हणाला.

मग त्याला भागाकाराचं वेडच लागलं. मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. भागिले ८७, म्हणजे सुमारे २ किलोमीटर २०० मीटर. “एवढी जागा कुठून आणायची?” त्याने विचारलं. हीच तर युक्ती आहे. मॉडेल करणारे लोक दोन गावांमधलं अंतर खुशाल कमी करतात. बारा बोगदे असतील तिथे एकच दाखवतात. पण गाडीच्या मापात खोट नाही करत. गाव आखूड चालेल, चाक आखूड चालणार नाही.

आणखी एक गंमत. बाजारात मिळणारे एच.ओ.चे रूळ एकमेकांपासून साडेसोळा मिलिमीटरवर असतात. त्याला ८७ ने गुणा. उत्तर येतं सुमारे १४३५ मिलिमीटर. हा युरोप-अमेरिकेतला रूळ झाला. आपली ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटरची! म्हणजे आपली गाडी एच.ओ.मध्ये नेमकी करायची तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत. तयार रुळांवर ठेवली तर आपली धिप्पाड गाडी पाय जुळवून उभी राहिल्यासारखी दिसेल. आणि अण्णांची मीटरगेज? एक मीटर भागिले ८७. फक्त साडेअकरा मिलिमीटर. जेमतेम एका बोटाची रुंदी!

आत्याची राणी

संध्याकाळी आत्याकडे गेलो. आत्याने नोकरीच्या काळात कितीतरी वर्षं डेक्कन क्वीनचा पास काढला होता. पुतण्याने मोबाईलवर आपल्या मॉडेलचा फोटो दाखवला. आत्या आधी खूश झाली. मग तिने फोटो मोठा करून पाहिला.

“अरे वेड्या, चंदेरी आणि निळा एकाआड एक कुठून आणलेस?”

“आत्या, तूच सांग, राणी चंदेरी होती की निळी?”

“दोन्ही! पण एकाच वेळी नाही.” आणि तिने गोष्ट सांगितली. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेने, मुंबई आणि पुणे जोडणारी ही गाडी सुरू केली. त्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच बनवले होते. एक संच चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडात तयार झाले आणि वरचा भाग आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात. “सुरुवातीला तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता,” आत्या म्हणाली. “तिसऱ्या वर्गाच्या माणसाला राणी लांबूनच बघावी लागायची. तिसरा वर्ग जोडला १९५५ साली.”

पुतण्याने डोक्याला हात लावला. म्हणजे त्याची गाडी कधी धावलीच नव्हती! दोन खऱ्या गाड्या मिसळून त्याने एक खोटी गाडी केली होती.

“पण दिसायला छान दिसते ना?” मी त्याची समजूत घालायला म्हटलं.

तो काही बोलला नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर राणीच्या जुन्या इंजिनाचे फोटो पाहत बसला. मी झोपायला जाणार, तेवढ्यात हाक आली. “काका, हा फोटो चुकलाय का?”

फोटोत होतं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेलं ‘सर रॉजर लम्ले’ नावाचं इंजिन. जी.आय.पी. रेल्वेने विजेच्या प्रवासी गाड्यांसाठी आणलेल्या जातीचं.

“चाकं मोजा,” तो म्हणाला.

मी मोजली. मध्ये मोठ्या चाकांच्या तीन जोड्या. एका टोकाला लहान चाकांच्या दोन जोड्या. दुसऱ्या टोकाला मात्र एकच!

फोटो चुकला नव्हता. इंजिनच तसं होतं. मधल्या मोठ्या चाकांना मोटारी होत्या. दर जोडीला दोन, अशा एकूण सहा. टोकांची लहान चाकं नुसती भार पेलायची आणि वळणावर इंजिनाला वाट दाखवायची. एका बाजूला दोन जोड्या, दुसऱ्या बाजूला एक. पुतण्याने आपल्या मॉडेलला दोन्ही बाजूंना दोन-दोन जोड्या लावल्या होत्या. का? तर डावी बाजू पाहून उजवी बाजू त्याने मनानेच तशी धरली होती!

“म्हणजे माझं इंजिनही खोटं,” तो हळूच म्हणाला आणि दिवा मालवून टाकला. प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते.

फलाटावरची शाळा

सकाळी मीच त्याला लवकर उठवलं आणि पुणे स्टेशनवर नेलं. सव्वासातच्या सुमारास राणी मुंबईला निघते. तिचे डबे आता पार बदलले आहेत. २०२२ साली तिला नवे एल.एच.बी. डबे मिळाले. पण भोजनाचा डबा अजून आहे, आणि दरवर्षी १ जूनला तिचे प्रवासी याच स्टेशनवर केक कापून तिचा वाढदिवस करतात. गाडीचा वाढदिवस! आत्याही कितीदा गेली होती.

गाडी सुटेपर्यंत वेळ होता, म्हणून मी त्याला विजेची गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका.

भारतात विजेवरची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ते कुर्ला, हार्बरच्या मार्गाने. तिच्या तारेत १५०० व्होल्टचा डी.सी. प्रवाह होता, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. मग पुढच्या पाच-सहा वर्षांत वीज घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली.

घाट चढवायला ताकदवान इंजिनं हवी होती. १९२८ पासून मालगाड्यांसाठी जी इंजिनं आली, त्यांचं नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. खेकडा! स्वित्झर्लंडमध्ये अशाच लांब नाकाच्या इंजिनांना मगर म्हणत. आपल्याकडे मगरीचा खेकडा झाला. दोन टोकांना दोन लांब नाकं आणि मध्ये चालकाची खोली. चाकं एकमेकांना बाहेरून लोखंडी दांड्यांनी जोडलेली. इंजिन चालू लागलं की दांडे वरखाली होत, अगदी खेकड्याने पाय टाकावेत तसे. असे ४१ खेकडे आले आणि बोरघाटात, कसाऱ्याच्या घाटात त्यांनी गाड्यांना ओढलं, मागून रेटलं. म्हातारपणी ते यार्डात डबे इकडचे तिकडे करत राहिले.

या इंजिनांची पुढे ठरलेली नावं म्हणजे एक सांकेतिक भाषाच आहे. खेकडा म्हणजे ‘डब्ल्यू.सी.जी.-१’. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. सी म्हणजे डी.सी. वीज. जी म्हणजे गुड्स, अर्थात मालगाडी. राणीचं इंजिन ‘डब्ल्यू.सी.पी.-१’. पी म्हणजे पॅसेंजर. ए.सी. विजेचं असेल तर सीच्या जागी ए येतो. मीटरगेज असेल तर डब्ल्यूच्या जागी वाय. एवढं कळलं की फलाटावर उभं राहून इंजिनाच्या अंगावरचं नाव वाचता येतं. पुतण्याने राणीच्या इंजिनावरची अक्षरं वाचली आणि ओरडला, “ए.सी.! पॅसेंजर!” शेजारचे दोन हमाल हसायला लागले.

“पण काका, आता डी.सी. का नाही?”

असं बघा. शेतातल्या टाकीतून पाणी आणायचं आहे. पाण्याला जोर कमी असेल, तर तेवढंच पाणी आणायला पाईप जाड लागतो. जोर जास्त असेल, तर बारीक पाईपनेही भागतं. विजेचं तसंच. तारेत १५०० व्होल्टचाच जोर असेल तर गाडीला लागणारी ताकद पुरवायला प्रवाह खूप मोठा लागतो, तारा जाड लागतात, वीज पुरवणारी केंद्रं जवळजवळ लागतात. आता तारेत २५,००० व्होल्टचा ए.सी. असतो. तेवढ्याच ताकदीला जवळजवळ सतरापट कमी प्रवाह पुरतो. म्हणून मुंबईकडचे मार्ग टप्प्याटप्प्याने बदलले. शेवटची डी.सी. लोकल धावली ९ एप्रिल २०१६ च्या रात्री. कुठे, ठाऊक आहे? त्याच कुर्ला-सी.एस.टी. हार्बर मार्गावर! जिथे सुरुवात झाली तिथेच शेवट.

पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे ती राणी, तो खेकडा, त्यांच्या अंगात जाणारी वीजसुद्धा आता तारेत नाही.”

“नाही.”

“मग ती कशी होती हे नीट सांगायला कोण उरलं?”

मी म्हटलं, “दिल्लीतली एक-दोन इंजिनं. जुने आराखडे, फोटो. आणि तुझ्यासारखे पुठ्ठा कापणारे. पण पुठ्ठा चुकीचा कापला, तर पाहणारा चुकीचंच लक्षात ठेवणार.”

राणी निघून गेली. बराच वेळ तो रिकाम्या रुळांकडे पाहत उभा होता.

करमाडची तार

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी आम्ही करमाड स्टेशनवर गेलो. रीतसर तिकीट काढून, फलाटावर, पिवळ्या रेघेच्या मागे. हे मुद्दाम सांगतो. रुळांत उतरून मापं घ्यायची नाहीत, आणि विजेच्या तारेजवळ काठी, पतंग असलं काही न्यायचं नाही. २५,००० व्होल्टची वीज स्पर्शाची वाटसुद्धा पाहत नाही. नुसतं जवळ गेलं तरी झेप घेते.

मोजायला नुसते डोळे पुरतात. विजेच्या प्रत्येक खांबावर आकड्यांची पाटी असते. कितवा किलोमीटर आणि त्यातला कितवा खांब, ते तिच्यावर लिहिलेलं. सरळ मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर ठेवतात. मॉडेलमध्ये ते होतं सुमारे ८३ सेंटिमीटर. पुतण्याने आपल्या मॉडेलवर खांब वीतभर अंतरावर ठोकले होते! तार रुळापासून साधारण साडेपाच मीटर उंच. मॉडेलमध्ये ६३ मिलिमीटर.

आणि मग त्याला एक नवलाची गोष्ट दिसली. फलाटाच्या टोकाला उभा राहून तो सरळ तारेच्या रेघेत पाहत होता. “काका, तार वाकडी बसवलीये!”

तार वाकडी नव्हती. ती मुद्दामच नागमोडी नेलेली असते. एका खांबाजवळ रुळांच्या मध्यापासून वीसेक सेंटिमीटर डावीकडे, पुढच्या खांबाजवळ तेवढीच उजवीकडे. सारखी एका जागी घासली तर पँटोग्राफच्या पट्टीला तिथेच खाच पडेल. म्हणून तार डावी-उजवी सरकवत नेतात आणि पट्टी सगळीकडून सारखी झिजते. शेंद्र्याला इतके दिवस ये-जा करून आमच्यापैकी कुणालाच हे दिसलं नव्हतं! मॉडेलमध्ये हे वळण फक्त सव्वादोन-अडीच मिलिमीटरचं. म्हणजे जवळजवळ तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं. कुणाला दिसणार? कुणालाच नाही. तरी त्याने वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन त्याने मॉडेल पुढ्यात घेतलं. मला वाटलं, आता हा रंग बदलेल आणि एक चाक काढून टाकेल. त्याने कात्री घेतली आणि चारही डबे उलगडून सपाट केले. त्याची आई कळवळली. “अरे, तीन आठवड्यांचं काम! निदान प्रदर्शन तरी होऊ दे.”

“आई, माणूस दारात मावत नाहीये,” तो म्हणाला.

आठ दिवसांत पूर्ण गाडी होणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त इंजिन आणि एक चंदेरी डबा केला. इंजिनाच्या एका बाजूला लहान चाकांच्या दोन जोड्या, दुसऱ्या बाजूला एक. टपावर हिऱ्याच्या आकाराचे जुने पँटोग्राफ. वंदे भारतचा पँटोग्राफ एका हाताचा असतो, कोपरात दुमडल्यासारखा. तो इथे चालला नसता. वर नागमोडी तार. दाराशी दोन सेंटिमीटरचा एक माणूस, आत पाऊल टाकण्याच्या तयारीत. शेजारी पाटी होती: ‘माप १ : ८७. साल १९३०. उरलेले सहा डबे बाकी आहेत.’

बक्षीस एका धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीला मिळालं. पण एक छोटी मुलगी त्याच्या टेबलापाशी थांबून म्हणाली, “दादा, तुझं एक चाक पडलंय.” आणि आमच्या पुतण्याने तिला दहा मिनिटं उभं करून समजावलं, की पडलेलं नाही!

वहीतली रिकामी जागा

गोष्ट इथे संपायची, पण एक राहिलंच. त्या रात्री पुतण्या अण्णांच्या खाटेवर जाऊन बसला. “आजोबा, राणी झाली की मी आपली गाडी करणार. करमाडची मीटरगेज. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.”

अण्णा खुलले. जालन्याच्या बाजाराला जाताना गाडीत शेळ्यासुद्धा कशा चढायच्या, कोळशाचा कण डोळ्यात गेला की मामा पदराची बोळी कशी फुंकून द्यायच्या, इंजिन पाणी प्यायला थांबलं की पोरं कशी उतरून पळायची, सगळं सांगितलं. पुतण्या भराभर लिहीत होता. मग त्याने विचारलं, “डब्याला दारं किती होती?”

अण्णा थांबले. “दारं... दोन असतील. नाही, तीन. थांब.” त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ मिटलेलेच ठेवले.

“खिडकीला गज आडवे होते की उभे?”

अण्णांनी हात वर केला, जणू खिडकीचा गज धरायला. हात तसाच राहिला. मग खाली आला.

“रोज बसलो रे त्या गाडीत,” अण्णा म्हणाले. “दारं कधी मोजली नाहीत.”

पुतण्याने वहीत ‘दारं’ असं लिहून पुढे जागा रिकामी सोडली. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या आजींकडे गेला. तिसऱ्या दिवशी करमाडच्या एका म्हाताऱ्या चहावाल्याकडे. आजी म्हणाल्या तीन, चहावाले म्हणाले दोन. अजून त्याने आकडा लिहिलेला नाही. एखादा जुना फोटो मिळेपर्यंत लिहिणारही नाही म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या गावातून कोणती गाडी जाते? तिच्या डब्याला दारं किती, इंजिनावर अक्षरं कोणती, तार कुठे वळते? पुढच्या वेळी फलाटावर उभे राहाल तेव्हा रेघेच्या मागून मोजून ठेवा. आणि तुमच्या आजोबांकडे करमाड-जालना मीटरगेजचा एखादा जुना फोटो असेल, ज्यात डब्याची दारं नीट दिसतात, तर तो जपून ठेवा बरं का. शेंद्र्यात एकजण त्याची वाट पाहतो आहे.